व्हेगासचं बिल

लॉस एंजेलिसहून लास व्हेगासला गाडीने निघालं की मोहावेच्या वाळवंटात बेकर नावाचं टिचभर गाव लागतं. पेट्रोल पंप, खाण्याची चार दुकानं आणि एक थर्मामीटर, एवढाच त्याचा पसारा. थर्मामीटर मात्र १३४ फूट उंच. १९१३ साली जवळच्या डेथ व्हॅलीत १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ५७ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. त्या विक्रमाची आठवण म्हणून अंशाला एक फूट या हिशेबाने तो उभारलाय. आम्ही सोलापूरचे. उन्हाच्या गोष्टी आम्हाला कुणी सांगू नयेत, पण त्या आकड्यापुढे मी गप्प बसलो.

गाडीत आम्ही तिघं: मी, बायको आणि गाडी चालवणारा भाचा. २०२५ च्या ऑक्टोबरातला मंगळवार होता. वार मुद्दाम निवडलेला. व्हेगासची हॉटेलं शुक्रवारी-शनिवारी अंगावर येतात आणि मंगळवारी हात जोडून उभी असतात, असं भाच्याचं म्हणणं. मी अडतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची बारा तपासणी विभागात. त्यामुळे जुगाराच्या गावाला जाण्यात मला रस होता तो एवढ्यापुरताच, की पैसा नेमका कुठल्या खिडकीतून आत येतो.

नेवाडा राज्याची हद्द लागली आणि त्याच रेघेवर कॅसिनो उभे दिसले. वर्धा जिल्ह्याची हद्द संपली की लगेच बारच्या पाट्या सुरू होतात, तसं. या वस्तीचं नाव प्रिम. एके काळी कॅलिफोर्नियाकडून येणाऱ्याला चाळीस मैल पुढे जायचाही धीर नसायचा, त्या अधिऱ्यांवर प्रिम जगलं. पुढे कॅलिफोर्नियातच मूळ रहिवासी जमातींच्या जमिनींवर कॅसिनो निघाले आणि हद्दीवरच्या दुकानाची गरज संपली. तिथल्या तीन हॉटेलांपैकी एक २०२४ च्या अखेरीस बंद पडलं, दुसऱ्याने २०२५ च्या जुलैत चोवीस तासांचा कारभार आवरता घेतला. रिकाम्या पार्किंगमधून वारा नुसता हुंदडत होता. व्हेगास बघायच्या आधी हे बघायला मिळालं, ते बरं झालं.

आता एक गंमत. आपण जिला लास व्हेगास म्हणतो, ती दिव्यांची स्ट्रिप लास व्हेगास शहरात नाहीच. ती शहराच्या दक्षिणेला, हद्दीबाहेर, पॅराडाइज नावाच्या वस्तीत आहे. १९५० साली शहराने स्ट्रिपला आपल्या हद्दीत ओढून कर लावायचा घाट घातला, तेव्हा हॉटेलमालकांनी खटपट करून आपली वेगळी वस्तीच जाहीर करून घेतली. नगरपालिकेच्या जकात नाक्याच्या पलीकडे गोदामं का असत, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. त्या गोदामांत गुळाच्या ढेपा असत, इथे चार-चार हजार खोल्यांची हॉटेलं आहेत, इतकाच फरक.

आमच्या हॉटेलचं नाव मी सांगत नाही, कारण पुढे तक्रार आहे. खोलीचं भाडं एका रात्रीला ४४ डॉलर. मी खूश. त्याच्याखाली दुसरी ओळ: रिसॉर्ट फी, ४५ डॉलर. म्हणजे खोलीपेक्षा फी एक डॉलरने जास्त! ही कशाची, म्हणून विचारलं. वायफाय, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा. "मी पोहणार नाही," मी म्हणालो. काउंटरवरची मुलगी हसली. हे वाक्य तिने दिवसात चाळीसदा ऐकलं असणार. दोन्हींवर मिळून तेरा टक्क्यांहून थोडा जास्त कर, म्हणजे रात्रीचे झाले १०० डॉलर ९१ सेंट. पार्किंग निराळं. ही फी पूर्वी बुकिंग होईपर्यंत लपवून ठेवत. २०२५ च्या मे महिन्यापासून अमेरिकी सरकारने नियम केला, की सक्तीची फी धरून पूर्ण रक्कम सुरुवातीलाच दाखवायची. फी गेली नाही, फक्त तिच्यावरचा पडदा गेला.

खोलीत पोचताच बायकोने पहिलं काम केलं ते डबा फ्रिजमध्ये ठेवण्याचं. धपाटे, शेंगाची चटणी आणि भाच्याकडे विरजलेलं दही. फ्रिजमध्ये हॉटेलच्या बाटल्या आणि चॉकलेटं खच्चून भरलेली. तिने त्यातल्या सहा-सात वस्तू काढून टेबलावर नीट रांगेत मांडल्या, दह्याला जागा केली, आणि आम्ही जुगार बघायला खाली उतरलो.

कॅसिनोत घड्याळ नसतं, खिडकी नसते, हे सगळे लिहितात. आता प्रत्येकाच्या खिशात घड्याळ आहे, त्यामुळे त्यात काही राम उरलेला नाही. रचनेतली खरी हुशारी रस्त्यात आहे. लिफ्टमधून उतरून तुम्हाला बाहेर जायचं असो, जेवायला जायचं असो, की डोकेदुखीची गोळी घ्यायची असो, वाट मशीनांमधूनच जाते. पंढरपुरात नामदेव पायरीकडे जाताना जसं दोन्ही बाजूंच्या बुक्क्याच्या दुकानांतून जावं लागतं, तसंच.

रुलेटच्या टेबलामागे मी पाऊण तास उभा राहिलो. चाकावर १ ते ३६ आकडे. बरोबर आकडा लागला तर एका डॉलरचे पस्तीस मिळतात आणि तुमचा डॉलर परत, म्हणजे हातात छत्तीस. आकडे छत्तीसच असते तर हा धर्मादाय खेळ झाला असता. पण चाकावर हिरवं शून्य असतं. युरोपात एक, अमेरिकेत पूर्वापार दोन. समजा, प्रत्येक घरावर एकेक डॉलर लावला: युरोपी चाकावर तुम्ही ३७ देता आणि ३६ परत घेता. अमेरिकी चाकावर ३८ देता, ३६ घेता. २०१६ पासून स्ट्रिपवर तिसरं शून्य आलं. आमच्यासमोरच्या चाकावर ते होतं, आकड्याऐवजी हॉटेलचं चिन्ह लावून सजवलेलं. तिथे ३९ देऊन ३६ मिळतात. शेकडा पावणेआठच्या जवळ घराची कमाई. भोवती बसलेल्या सहाजणांपैकी एकाचंही त्या चिन्हाकडे लक्ष नव्हतं. शेजारच्या टेबलावर ब्लॅकजॅक. तिथेही तोच कारभार: पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस झाले, तर १५ डॉलरला पूर्वी साडेबावीस मिळत, आता बहुतेक स्वस्त टेबलांवर अठराच. पाटी असते, अगदी बारीक अक्षरात, पण असते.

अर्थात आपण नाक मुरडण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या मटक्यात आकडे दहा, आणि 'ओपन' लागला तर रुपयाला मिळतात नऊ. दहा टक्के कापले. तीन शून्यांच्या चाकापेक्षा महाग खेळ पानाच्या टपरीमागे चालतो, आणि तोही सुरू झाला तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या-मिटत्या भावांवर. महाराष्ट्राने तर १९७६ साली कॅसिनोचा रीतसर कायदाही करून ठेवला होता. तो एक दिवसही अमलात आला नाही, आणि २०२३ साली सरकारने तो रद्द करून टाकला. गोव्याने १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांत मशीनं आणि १९९६ साली जहाजांवर कॅसिनो चालू दिला, म्हणून आज पणजीला मांडवीत दिव्यांच्या बोटी दिसतात. पण मांडवीवर माणूस रात्रीपुरता चढतो आणि उतरतो. व्हेगासने त्याला मुक्कामाला ठेवलं. इथलं सगळं अर्थकारण त्या एका गोष्टीवर उभं आहे.

रुलेटवरचा माणूस बदलायची वेळ झाली. जाणाऱ्याने चिपांच्या गठ्ठ्यावरून हात काढले, एकदा टाळीसारखे एकमेकांवर झाडले, तळवे वर करून दाखवले, मग पालथे करून दाखवले, आणि तो निघून गेला. मला नाही, छतातल्या कॅमेऱ्यांना दाखवले. हात रिकामे आहेत, बोटांत चिप अडकलेली नाही. आमच्या कॅशियरला अशी सवय असती, तर माझी दोन-तीन प्रकरणं तरी वाचली असती!

नेवाडाने जुगार कायदेशीर केला १९३१ साली, मंदीच्या ऐन भरात. त्याच वर्षी जवळच हूव्हर धरणाचं काम सुरू झालं आणि हजारो मजूर आले. स्ट्रिपवरचं पहिलं रिसॉर्ट, एल रँचो व्हेगास, उघडलं १९४१ ला. सिनेमे बघून लोकांची समजूत झालीय की बग्सी सीगल या गुंडाला वाळवंटात साक्षात्कार झाला आणि त्याने हे शहर वसवलं. प्रत्यक्षात त्याचं ते प्रसिद्ध फ्लेमिंगो हॉटेल सुरू केलं बिली विल्करसन नावाच्या हॉलिवूडच्या वर्तमानपत्रवाल्याने. पैसे संपले तेव्हा सीगल आत शिरला. १९४६ च्या नाताळानंतर दुसऱ्याच दिवशी हॉटेल उघडलं आणि सहा महिन्यांत त्याला कुणीतरी गोळ्या घातल्या.

त्या काळचा हिशेब साधा होता. खोली स्वस्त, जेवण जवळजवळ फुकट, गाणं ऐकायला मोठमोठे गायक, आणि सगळ्याची वसुली टेबलावर. खोलीवर तोटा झाला तरी चालेल, गिऱ्हाईक बाहेर जाता कामा नये. म्हणूनच जुने लोक अजून म्हणतात, माफिया होता तोपर्यंत व्हेगास परवडत होतं. आमच्या टॅक्सीवाल्यानेही ते म्हटलं, सत्तरीच्या घरातला गृहस्थ होता. मला ते पटत नाही. त्या काळी मोजणीच्या खोलीत नोटा वहीत चढायच्या आधीच बॅगांत भरून बाहेर जात. तपासनीस म्हणून मी त्या काळाबद्दल हळवा होऊ शकत नाही. दुसरी गोष्ट याहून वाईट. सॅमी डेव्हिस ज्युनिअरसारखा काळा कलावंत स्ट्रिपवरच्या रंगमंचावर गाऊन टाळ्या घेई आणि झोपायला मात्र शहराच्या पश्चिमेच्या काळ्यांच्या वस्तीत जाई, कारण ज्या हॉटेलात गायचं तिथे त्याला खोली मिळत नसे. गोऱ्या-काळ्यांना एकत्र घेणारं पहिलं कॅसिनो हॉटेल, मुलाँ रूज, १९५५ ला निघालं आणि वर्ष संपायच्या आत बंद पडलं. स्ट्रिपची दारं उघडली ती १९६० च्या मार्चमध्ये, काळ्यांच्या संघटनेने मोर्चाची धमकी दिल्यावर. समझोत्याची बैठक झाली ती त्याच बंद पडलेल्या मुलाँ रूजमध्ये.

गुंडांकडून धंदा कंपन्यांकडे कसा गेला, याची एक कथा माझी आवडती आहे. १९६६ च्या नोव्हेंबरात हॉवर्ड ह्यूज हा अब्जाधीश डेझर्ट इन हॉटेलच्या वरच्या मजल्यांवर उतरला. ना जुगार खेळे, ना खाली येई. वर्षअखेरीला बड्या खेळाडूंसाठी खोल्या हव्यात म्हणून हॉटेलने त्याला हलायला सांगितलं. त्याने खोल्या सोडण्याऐवजी हॉटेलच विकत घेतलं. १९६९ साली राज्याने कायदा बदलला आणि भागधारकांच्या कंपन्यांना कॅसिनो चालवायची वाट मोकळी झाली. पुढे १९८९ ला स्टीव्ह विनचं मिराज उघडलं, दारात ज्वालामुखी पेटवून. मग दहा वर्षांत पिरॅमिड, आयफेल टॉवर, व्हेनिसचे कालवे असं सगळं एका रस्त्यावर आलं, आणि नव्वदचं दशक संपता संपता स्ट्रिपवरच्या हॉटेलांची जुगाराबाहेरची कमाई जुगाराच्या कमाईहून मोठी झाली. खोली, जेवण, खेळ, मद्य. आमची ती ४५ डॉलरची ओळ इथून आलेली आहे. पूर्वी जुगार खोलीचं भाडं भरत होता. आता खोलीच टेबलावर बसली आहे.

रात्री स्ट्रिपवर चालायला निघालो. समोर दिसणारं हॉटेल गाठायला अर्धा तास लागतो. इमारती इतक्या अवाढव्य आहेत की अंतराचा अंदाज चुकतोच. रस्त्यावर उघडपणे दारू पीत फिरायला परवानगी आहे, त्यामुळे गळ्यात हातभर लांबीचे रंगीत प्लॅस्टिकचे पेले अडकवून लोक हिंडत असतात. पिसांचे पंख लावलेल्या मुली फोटोसाठी हाका मारतात आणि फोटो झाल्यावर पैसे सांगतात. नाइटक्लबांच्या दारात रांगा. आत बसायला टेबल हवं असेल तर अमुक शे डॉलरची दारू घेतलीच पाहिजे. रांगेतली पोरं आपापसांत वर्गणीचा हिशेब करत होती. आमच्याकडे गणपतीच्या मांडवात करतात तसाच. पादचारी पुलांवर थांबून बघायला २०२४ पासून कायद्याने बंदी आहे. चालत राहायचं. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो तर भाच्याने घाईने पुढे ढकललं.

बेलाजिओसमोरची कारंजी मात्र फुकट. १९९८ पासून आठ एकरांच्या तळ्यात गाण्याच्या तालावर पाणी नाचतं, आणि मोठा फवारा ४६० फुटांपर्यंत जातो. आजूबाजूची सगळी गर्दी एकदम गप्प झाली. बायको म्हणाली, "आपल्याकडे चार-पाच दिवसांआड नळ येतो, आणि हे बघा." भाचा सांगू लागला, "मामी, हे पाणी नळाचं नाही. इथे पूर्वी गोल्फचं मैदान होतं, त्याच्या विहिरींचं आहे. आणि हॉटेलांच्या न्हाणीघरातलं जवळजवळ सगळं पाणी शुद्ध करून परत लेक मीडच्या जलाशयात सोडतात." पाणी खातं ते बाहेरचं गवत, शोभेची हिरवळ काढून टाकायचा कायदाही नेवाडाने २०२१ मध्ये केलाय. मामीने ऐकून घेतलं. पटलं असं वाटलं नाही.

तिथून स्फिअर दिसतो. ११२ मीटर उंच, १५७ मीटर रुंद असा हा गोळा २०२३ ला उघडला, खर्च २३० कोटी डॉलर. बाहेरचं सगळं अंग दिव्यांचं. आम्ही पाहिलं तेव्हा त्याचा डोळा झाला होता आणि तो सावकाश पापणी मिटत होता. आत १९३९ चा 'विझर्ड ऑफ ऑझ' नव्या रूपात दाखवत होते. तिघांच्या तिकिटांचा आकडा ऐकून आम्ही बाहेरूनच डोळ्याला डोळा भिडवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉरिडॉरमध्ये ट्रॉली ढकलणारी बाई भेटली. छातीवर २२६ आकड्याचा बिल्ला. हा इथल्या कलिनरी युनियनचा क्रमांक. साठ हजारांच्या घरात सभासद: खोल्या आवरणारे, स्वयंपाकी, वाढपी. मीही युनियनवाला, म्हणून विचारत बसलो. १९९१ ला फ्रंटियर हॉटेलातल्या साडेपाचशे कामगारांनी संप केला तो सहा वर्षं चार महिने चालला, आणि एकही जण फुटून कामावर गेला नाही. शेवटी मालकालाच हॉटेल विकावं लागलं. गिरणी संप पाहिलेल्या आमच्या पिढीला हे ऐकून काय वाटतं, ते मी तिला मोडक्या इंग्रजीत सांगू शकलो नाही. तिची काळजी वेगळी होती. "माणसं कमी झालीत," ती म्हणाली. ते खरं आहे. २०२४ ला चार कोटींहून जास्त लोक इथे आले, पण २०२५ च्या जूनमध्ये आधीच्या जूनपेक्षा अकरा टक्के कमी. कॅनडाची माणसं रुसलीत आणि उरलेली बिलं बघून दचकलीत. मिराज २०२४ च्या जुलैत बंद झालं, आता तिथे गिटारच्या आकाराचं हॉटेल उठतंय. १९५७ चं ट्रॉपिकाना सुरुंग लावून पाडलं, तिथे बेसबॉलचं मैदान होतंय. हे गाव म्हाताऱ्या इमारतींना सांभाळत नाही.

सांभाळलेलं बघायचं तर जुन्या फ्रीमाँट रस्त्याला जावं. तो खरोखरच शहराच्या हद्दीत आहे. तिथलं गोल्डन गेट हॉटेल १९०६ चं, आणि १९०७ साली तिथे गावातला पहिला टेलिफोन आला. नंबर होता १. याच हॉटेलात १९५९ पासून कोळंबीचा पेला मिळायचा, सुरुवातीला पन्नास सेंटला; तो २०१७ ला बंद झाला. फ्रीमाँटवर मी जुगार खेळलो. मशीनमध्ये वीस डॉलरची नोट सारली, बटण दाबत राहिलो. कायद्याने मशीनने किमान ७५ टक्के परत द्यायला हवेत आणि सरासरीने ती नव्वदच्या वर देतातही, पण सरासरी माझ्या शेजारी बसली नव्हती. उठताना ३ डॉलर ४५ सेंटची चिठ्ठी निघाली. नाणी पडण्याचा तो खळखळाट आता फक्त ध्वनिमुद्रित. चिठ्ठी वटवायच्या यंत्राने तीन डॉलर दिले आणि ४५ सेंटची नवी चिठ्ठी हातात ठेवली. सुटे नाहीत!

निघायच्या सकाळी फोनवर बिल आलं. त्यात खोलीतल्या फ्रिजचे ५८ डॉलर. आम्ही त्यातलं पाणीही प्यायलो नव्हतो. खाली गेलो. काउंटरवरच्या मुलाने शांतपणे सांगितलं, फ्रिजमध्ये प्रत्येक वस्तूखाली यंत्र असतं, वस्तू उचलून थोडा वेळ बाहेर राहिली की ती विकली गेली असं ते धरतं. बायकोने दह्याचा डबा काउंटरवर ठेवला आणि झाकण उघडून दाखवलं. त्याने आत पाहिलं, वास घेतला, आणि ५८ डॉलर खोडून टाकले.

तर तुम्ही जाणार असाल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, रुलेटवर शून्यं मोजा, आणि फ्रिजमधलं काही हलवू नका. आमचा दोन रात्रींचा खर्च असा: खोली, फी आणि कर मिळून २०१ डॉलर ८२ सेंट, पार्किंग ४०, घरचे धपाटे धरूनही खाणं १४८, कारंजी शून्य. जुगारात गेले १७, त्यापैकी ४५ सेंट येणे बाकी.